खळ्यावरचं बी.ए.

मार्च उजाडला की बुलढाण्यातल्या आमच्या गल्लीचा आवाज बदलतो. टीव्ही हळू होतात, पोरांच्या बॅटी माळ्यावर जातात आणि दिवस कलताना तीन-चार घरांतून आयांचं एकच वाक्य ऐकू येतं, "एका जागी बस म्हटलं ना." ते कानावर पडलं की मी, पंच्याहत्तरीची बाई, खुर्चीतून उठते. हाताशी असेल ते पुस्तक घेते, काही नसलं तर रविवारची पुरवणी घेते, आणि अंगणातल्या कढीलिंबाभोवती फेऱ्या मारायला लागते. गुडघे कुरकुरतात. पण फाल्गुनातलं ते सुकं, तापू लागलेलं वारं अंगावर आलं की मला बसून वाचता येत नाही. खरं म्हणजे बसून मला कधीच वाचता आलं नाही. ते ज्या हंगामात मला कळलं, तो हंगाम दरवर्षी याच वाऱ्याबरोबर परत येतो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नागपूर तेव्हा आमची राजधानी. वऱ्हाडातल्या माणसाला मोठं शिकायचं तर तिकडेच जायचं. मी तिथल्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि दुसऱ्यांदा होते. पहिल्या खेपेला नापास झाले होते.

माझे वडील उंद्रीच्या शाळेत हेडमास्तर. शेतकऱ्याच्या घरातून मास्तर झालेले आमच्या भावकीतले ते पहिले. स्वतः मराठी सातवी करून, मास्तरकीची परीक्षा देऊन थांबले होते. पुढे शिकायची इच्छा होती, पण घरात ती विचारणारं कोणी नव्हतं. ती इच्छा त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली. मुलीला नागपूरला ठेवतो म्हटल्यावर भावकी दोन दिवस ओसरीवर बसून होती. बाबांनी सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी माझी ट्रंक बैलबंडीत ठेवली.

आणि त्या ट्रंकेच्या धनिणीला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं येत होती, इंग्रजीही बरी येत होती. पण पुस्तक घेऊन बसलं की डोळे ओळीवरून सरळ चालत राहायचे आणि मन मधल्याच एखाद्या शब्दावर उतरून दुसरीकडे निघून जायचं. युरोपचा इतिहास असायचा समोर, सातशे पानांचा. मी एक पान उलटायची, दुसरं उलटायची, तिसऱ्यावर लक्षात यायचं की आपण इतका वेळ वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीच्या नथीचा विचार करतो आहोत. पुन्हा पहिलं पान. पुन्हा नथ. प्राध्यापकांनी वर्षाच्या सुरुवातीला फळ्यावर पुस्तकांची यादी लिहिली होती, ती फळ्याच्या दोन्ही बाजूंना मावली नव्हती. माझ्या खोलीतल्या मैत्रिणी त्या यादीतून एकेक नाव खोडत पुढे जायच्या. मी ग्रंथालयात त्यांच्या इतकाच वेळ बसायची. त्या उठायच्या तेव्हा त्यांच्या वह्या भरलेल्या असायच्या आणि मला त्या टेबलावरच्या लाकडाच्या गाठी पाठ झालेल्या असायच्या.

आपण मठ्ठ आहोत, हे मी मनाशी कबूल केलं होतं. कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. वर्गात शिकवलेलं मला कळत असे, बोललेलं लक्षात राहत असे, त्यामुळे चारचौघींत मी हुशारही वाटायची. लबाडी केल्यासारखं वाटायचं मला त्याचं.

नापास झाले तेव्हा बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की आणखी एक वर्ष जा. त्या 'आणखी एक' मध्ये पुढचं सगळं होतं. दुसऱ्यांदा नापास झाले तर ओसरीवर बसलेली भावकी खरी ठरणार होती. माझ्या पाठीमागे गावातल्या तीन मुली चौथीपर्यंत आल्या होत्या, त्यांचे बाप माझ्याकडे डोळे लावून बसले होते. माझी ट्रंक परत आली असती तर त्यांच्या ट्रंका निघाल्याच नसत्या.

परीक्षेआधीच्या सुटीत मी ग्रंथालयाची चार जाड पुस्तकं घेऊन उंद्रीला आले. बाबांनी माझ्यासाठी घर गप्प केलं होतं. अगदी गप्प. आई मिरच्या कांडायला शेजारी जाऊ लागली. भांडी घासायची ती मागच्या ओढ्यावर. कोणी भेटायला आलं की बाबा दारातच तोंडावर बोट ठेवायचे आणि त्याला घेऊन पारावर जायचे. एरवी स्वतः दाराशी पाट टाकून बसत, म्हणजे कुत्रंसुद्धा आत येऊ नये. रॉकेल रेशनवर मिळायचं, तेव्हा काय वाचायचं ते उजेड आहे तोवर. आणि तो सगळा उजेड मी त्या शांततेत, बाबांच्या पाठीकडे बघत घालवला. ती शांतता माझ्या छातीवर येऊन बसे. आठ दिवसांत एकोणीस पानं झाली. ती कोणती, हे मला नवव्या दिवशी सांगता आलं नसतं.

त्या नवव्या दिवशी आबामामा आले. जानेफळचे माझे मामा, आईचे थोरले भाऊ. गव्हाच्या मळणीला बहिणीला चार दिवस न्यावं म्हणून दमणी, म्हणजे बैलांची छोटी गाडी, घेऊन आले होते. आईचा पाय निघेना, कारण माझा स्वयंपाक कोण करणार. मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "मास्तर, पोरीचं तोंड पाह्यलं का? वाळवणासारखं झालं. हिले घेऊन जातो मी."

बाबांनी पुस्तकांकडे बोट दाखवलं. मामा म्हणाले की ती बी येतील, बैलाले काही जड नाहीत.

आई घरीच राहिली. मला एकटीला घेऊन सकाळी निघालेली दमणी उन्हं कलताना जानेफळला पोचली. वाटेत पळस नुसते पेटले होते. कुठे हरभरा उपटून झालेला, कुठे गहू अजून उभा आणि पिवळाधमक. मामांनी एके ठिकाणी दमणी थांबवून कोणाच्या तरी वावरातून हरभऱ्याच्या घाट्यांची जुडी मागून घेतली आणि काटक्यांवर भाजली. काळे झालेले हात धोतराला पुसून मला म्हणाले की खा, आता तुह्या बापाचं राज्य संपलं. मी खूप दिवसांनी हसले. घाट्यांची राख दातांत आली होती, ती चवसुद्धा आठवते.

गोदामामी म्हणजे मामांच्या घरातला वारा. उंच, काटक, बोलताना दोन्ही हात चालवणारी. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. पुस्तकाचा तिला धाक नव्हता आणि कौतुकही नव्हतं. मी आले त्या दिवशी तिने माझी चारही पुस्तकं एकेक करून हातात तोलली आणि सगळ्यात जाड होतं ते जात्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून म्हणाली की यावर मांजर निजते छान. मांजर खरंच निजलं.

पहिले तीन दिवस मी खळ्यावरच्या निंबाखाली बसून तेच केलं, जे नागपुरात आणि उंद्रीत केलं होतं. फरक इतकाच की इथे मन पळून जायला जवळच जागा होती. मधल्या खांबाला दावणीने बांधलेले सहा बैल गव्हाच्या पेंढ्यांवर गोल गोल फिरत. याला आमच्याकडे पात म्हणतात. मागे हातात काठी घेऊन मामा चालत. ओंब्या तुटायच्या, दाणे खाली जायचे, भुसा, म्हणजे आमचं कुटार, वर यायचं. पलीकडे मामी तिवईवर उभी राहून सुपातून वाऱ्यावर गहू उपणायची. कुटार सोन्याच्या धुरासारखं उडायचं आणि दाणे सरळ तिच्या पायाशी पडायचे. पुस्तकात राजे लढत असायचे आणि मी बैलांचे फेरे मोजत असायची.

चौथ्या दिवशी मामांना गावातून सुताराला आणायचं होतं, तिवईचा पाय हलत होता. पात थांबवायची तर बैल बसतात आणि मग उठत नाहीत. मामा माझ्याजवळ आले, काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हाकत राह्य. थांबू देऊ नको. मी आलोच."

मी उठले. उजव्या हातात काठी होती, डाव्या हातात पुस्तक होतं, कारण ते खाली ठेवायचं मला सुचलं नाही. बैलांना माझी गरज फारशी नव्हती. ते आपले चालत होते, मी मागून चालत होते. चार फेऱ्यांनंतर कंटाळा आला म्हणून मी पुस्तक उघडलं. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. पाय चालत होते, पेंढा पायाखाली चुरचुरत होता, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एक संथ ठेका होता. आणि ओळी आत जात होत्या. मन सुटून जायला बघायचं, तेवढ्यात पाय त्याला ओढून आणायचे. मामा सुताराला घेऊन आले तेव्हा माझी अकरा पानं झाली होती. मी पुस्तक मिटलं आणि मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून पाहिलं. सगळं होतं. नावं होती, कारणं होती, कशानंतर काय ते होतं.

मामा काठी घ्यायला हात पुढे करून उभे होते. मी म्हटलं, "मामा, राहू द्या. मीच हाकते."

ते सुताराजवळ जाऊन बसले आणि विडी काढली.

त्या दिवसापासून पात माझी. सकाळी दहीभाकर खाऊन मी डोक्याला मामीचं जुनं लुगडं गुंडाळायची, पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून पुस्तकाला सुतळी बांधायची आणि बैलांमागे लागायची. ऊन फार झालं की बैल सोडायचे, तेव्हा मीही सुटायची. तो अभ्यास होता असं वाटतच नसे. दिवस घामाचा असायचा, पायांना कुसळं टोचायची, इतिहासाच्या पानापानांत कुटार बसायचं. आणि मला गाणं म्हणावंसं वाटायचं. बावीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तक माझ्याशी सरळ बोलत होतं. मी मठ्ठ नव्हते. मी फक्त चुकीच्या जागी बसवलेली होते. हे कळल्याचा आनंद असा होता, की मी एकदा तांबड्या बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

आता कधीकधी वाटतं, बसणं म्हणजे लक्ष देणं, हे कोणी ठरवलं असेल? शाळेत मी स्वतः तीस वर्षं शिकवलं. मागच्या बाकावरची एखादी पोर सारखी चुळबुळायची, तेव्हा तिला मी फळा पुसायला उठवायची, खडू आणायला पाठवायची, वाचायचं तर उभं राहून वाच म्हणायची. शाळेतल्या इतर बाईंना ते मी केलेले लाड वाटायचे. त्या पोरींपैकी दोघी-तिघी अजून पत्र लिहितात. पण हे मी फार पुढचं सांगायला लागले.

वाचताना माझे ओठ हलत असत. मामी उपणता उपणता ते बघायची. दोनेक दिवस तिने सहन केलं, मग तिथूनच ओरडून विचारलं, "काय वं, तोंडातल्या तोंडात कोनाले शिव्या देऊन राह्यली? मले बी ऐकव."

मी तिला सांगितलं की शिव्या नाहीत, फ्रान्स नावाच्या मुलखातल्या लोकांनी राजाविरुद्ध बंड केलं, त्याची हकीकत आहे. तिने कारण विचारलं. मी म्हटलं की तिथे शेतकऱ्याने पट्टी भरायची आणि मोठ्या माणसांना माफ. मिठावरसुद्धा पट्टी होती. मामीचं सूप हवेतच थांबलं. मिठाचं तिला वेगळं सांगावं लागत नव्हतं; थोड्याच वर्षांपूर्वी आपल्याकडे मिठावरून काय झालं ते गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं.

"तिकडे बी?" ती म्हणाली. मग सूप पुन्हा हलवत, "सांग पुढे."

तेव्हापासून नेम झाला. बैल सुटले की निंबाखाली भाकरी सोडायची आणि सकाळपासून वाचलेलं मामीला सांगायचं. मराठीत सांगायचं, आणि ती समजेल अशा मराठीत. हे वाचण्यापेक्षा कठीण होतं. इंग्रजी पुस्तकातला भला मोठा शब्द मला आवडायचा, मी तो वहीत उतरवून ठेवायची, पण मामीपुढे तो मांडायचा म्हटला की कळायचं, याच्या आत काय आहे ते आपल्यालाच माहीत नाही. मग उठून पुन्हा चार फेऱ्या. आणि तिची आठवण अशी, की मी काल काय बोलले ते तिला माझ्याहून नीट ठाऊक असायचं. एकदा मी लोकांनी राजवाड्यात घुसून राजाला कैदेत टाकल्याचं सांगत होते. मामीने घास हातातच ठेवला.

"थांब. काल तर तो बायकोपोरं घेऊन पळाला होता. आज राजवाड्यात कसा?"

मी पुस्तक उघडून पाहिलं. सुतळी सुटून दोन पानं एकदम उलटली गेली होती. पळता पळता राजा वाटेत ओळखला गेला आणि लोकांनी त्याला परत आणला, ते सगळं त्या दोन पानांत होतं. वाचून सांगितलं तेव्हा कुठे तिने घास तोंडात घातला आणि म्हणाली की पकडून आणला म्हण की मंग, उगाच माह्या जिवाले घोर.

मामा ऐकत नाहीत असं दाखवायचे. पण मी अर्थशास्त्राचं पुस्तक काढलं तेव्हा त्यांची वेळ आली. जमिनीत जितका जास्त खर्च करावा तितकं उत्पन्न त्याच मानाने वाढत नाही, पुढेपुढे वाढ कमी कमी होत जाते, असा एक नियम आहे. पुस्तकात त्याला आकृत्या होत्या, तक्ते होते, आठ पानं होती. गेल्या वर्षीच्या परीक्षेत याच प्रश्नापुढे मी कोरा कागद सोडला होता. आठ पानं चालून झाल्यावरही मला तो नियम इकडून तिकडे निसटत होता. मामीला सांगताना मी अडखळले. मामा पलीकडे दावं वळत बसले होते, ते मान वर न करता बोलले.

"पह्यल्या दोन बंड्या खताले वावर हसते. चौथ्या बंडीले गप बसते. आठवी टाकली का रुसते. यात काय पुस्तक लिहायचं?"

मी वही ओढली आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मामांना वाटलं मी त्यांची टिंगल करते आहे. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मळणी अर्ध्यावर आली असताना एका दुपारी बाबा आले. कोणाला कळवलं नव्हतं. मेहकरकडे शाळेच्या कामाला आले होते, वाट वाकडी करून मला बघायला आले. मी पाठमोरी होते. मामीने पदर पुढे ओढलेला दिसला म्हणून मी वळले, तर खळ्याच्या कडेला काळा कोट, टोपी आणि छत्री घेऊन बाबा उभे. त्यांना काय दिसलं असेल ते मला लगेच कळलं. लुगडं गुंडाळलेली, कुटाराने भरलेली, बैलांमागे काठी घेऊन चालणारी त्यांची नागपूरची मुलगी.

बाबांचा चेहरा पडला. ते मामांना म्हणाले, "आबाराव, माणूस कमी पडत होता तर मला सांगायचं होतं. मी पाठवला असता."

मामा उठून उभे राहिले. मी धावत गेले, सुतळीचं पुस्तक पुढे केलं आणि सांगू लागले की मी वाचते आहे, इथेच वाचते आहे, इतिहास संपत आला. बाबांनी पुस्तक हातात घेतलं. उघडलं, तर त्यातून मूठभर कुसळं त्यांच्या कोटावर पडली. ते इंग्रजी फार वाचत नसत. पानाकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग मिटून हळूच म्हणाले की परीक्षेला बावीस दिवस राहिलेत, पोरी. त्यांचा विश्वास बसला नव्हता. मला रडूच येऊ लागलं.

तेवढ्यात मागून मामीचा आवाज आला. नणंदेच्या नवऱ्यापुढे ती आजवर एक पुरं वाक्य बोलली नव्हती. आताही तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पदर तसाच पुढे, तोंड सुपाकडे, आणि हात उपणत. ती गव्हालाच सांगत असावी तसं सांगू लागली. फ्रान्स नावाचा मुलूख. तिथल्या शेतकऱ्यावर किती पट्ट्या. मिठावर कशी. दुष्काळ पडला, भाकर महाग झाली तेव्हा बाया हातात मिळेल ते घेऊन राजाच्या दाराशी कशा चालत गेल्या. मग राजा पळाला, ओळखला गेला, परत आणला. पुढे एक सेनापती आला, त्याने गडबड मिटवली आणि शेवटी स्वतःच डोक्यावर मुकुट घातला. तिने एक नाव चुकवलं, पण कारण एकही चुकवलं नाही. आणि शेवटी म्हणाली, "हे समदं हिनं सांगितलं, बैलामागं चालून चालून. मास्तराले सांगा, पोरगी वाचून राह्यली."

बैल थांबले होते. बाबा मटकन गव्हाच्या राशीशेजारी बसले, कोटासकट. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी दाराशी बसायचो ना, ते तुझ्यासाठी नव्हतं गं. मला भीती वाटायची."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्या कोटावरची कुसळं वेचू लागले. माझ्या बाबांना मी त्याआधी आणि त्यानंतरही असं बसलेलं पाहिलं नाही. थोड्या वेळाने मामा म्हणाले की बैल बसतील. बाबा उठले, कोट काढून निंबाच्या फांदीला अडकवला आणि काठी स्वतः घेतली. मला म्हणाले, तू नुसतं वाच. मग उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघं पातीमागे चाललो, ते बैल हाकत आणि मी मोठ्याने वाचत. न कळणाऱ्या इंग्रजीला ते दर ओळीला मान डोलवत होते.

मळणी संपली, रास घरी गेली, बैल मोकळे झाले. एक जाड पुस्तक आणि दहा दिवस अजून बाकी होते. मी रिकाम्या खळ्यावर मधल्या खांबाभोवती एकटीच फिरू लागले. जाणारे-येणारे थांबून बघायचे. मास्तरची पोरगी बैलांशिवाय पात फिरवते, असं गावात झालं. पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचं पान उलटलं, तेव्हा माझ्या पायांनी त्या मातीत एक गोल वाट पाडली होती.

मला खरी धास्ती होती ती परीक्षेच्या तीन तासांची. तिथे तर बसूनच लिहायचं. नागपूरला त्या मोठ्या दालनात पहिला पेपर हातात आला आणि डोकं एकदम रिकामं झालं. मी चपला काढल्या. फरशी गार होती. बाकाखाली पाय हळूहळू हलवू लागले, एक पुढे, एक मागे, जागच्या जागी चालल्यासारखे. चुरचुर नव्हती, घुंगरं नव्हती, पण पायांना आठवत होतं. पहिलं उत्तर सुरू झालं. देखरेखीला एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना बाकाखालची हालचाल दिसली. ते येऊन उभे राहिले, वाकून बघितलं, मला उठायला सांगितलं, चपला उलट्या करून पाहिल्या. काही सापडलं नाही. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं की पाय दुखतात का. मी म्हटलं, "नाही सर. चालल्याशिवाय मला आठवत नाही."

ते म्हणाले, "चाला," आणि पुढे गेले.

अर्थशास्त्राच्या पेपरात तो नियम आला. मी मामांची खताची बंडी इंग्रजीत हाकली. तपासणाऱ्याला ती कशी वाटली असेल कोण जाणे. ग्रंथालयात पुस्तकं परत करताना तिथल्या माणसाने इतिहासाचं पुस्तक सवयीने टेबलावर आपटलं आणि ओंजळभर कुटार बाहेर आलं, दोन-चार गव्हाचे दाणेही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दाणे उचलले, तोंडात टाकले आणि बाहेर पडले.

जून उजाडता उजाडता निकालाचं वर्तमानपत्र उंद्रीला आलं. माझा नंबर दुसऱ्या वर्गात होता. बाबांनी तो बोट ठेवून तीनदा वाचला, आईला दाखवला, आणि मग म्हणाले की जानेफळला पत्र पाठवायचं नाही, आपण जायचं. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटर चढ आला की थांबायची आणि सगळ्यांना उतरून चालावं लागायचं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मेहकरला मुक्काम करून आम्ही सकाळीच जानेफळला पोचलो.

गावाच्या विहिरीवर बायांची गर्दी होती. उन्हाळ्याचं पाणी खोल गेलेलं, घागर वर यायला वेळ लागायचा. मामी रहाटाजवळ उभी होती. बाबांना लांबून येताना पाहून तिने पदर ओढला, पण मला पाहून तिला राहवेना. तिने हातानेच विचारलं, काय? मी होकाराची मान हलवली. तिने दोर शेजारणीच्या हातात दिला, दोन्ही हात वर केले आणि सगळ्या विहिरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्ही बी.ए. झालो."

बाया हसल्या. एक म्हातारी होती, तिने कमरेवरची घागर सावरत विचारलं की बी.ए. म्हणजे काय होते वं, गोदे?

मामीने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग आपली घागर खाली ठेवली आणि विहिरीच्या काठावर ऐसपैस बसली. "बसा," ती म्हणाली. "सांगतो."

एकेक घागर खाली येऊ लागली. रहाट थांबला. बाबा लांब चिंचेखाली पाठ करून उभे होते, पण ऐकत होते. ऊन भिंतीवरून उतरून विहिरीच्या काठापर्यंत आलं, पुढे सरकलं, तरी कोणी उठलं नाही. त्या दिवशी जानेफळात बऱ्याच घरांत पाणी उशिरा पोचलं.